फळ्यावर चूक असताना

माणिक सूर्यवंशीवर मी अजून रागावलेला आहे. एवढ्या वर्षांत राग निवायला हवा होता, पण निवला नाही, आणि खरं सांगायचं तर तो निवू नये असंच मला वाटतं. त्याची आठवण आली की आधी राग येतो आणि त्याच्या मागून बाकीचं सगळं येतं.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्या सुमाराची ही गोष्ट. बसवकल्याणला नवीनच कॉलेज निघालं होतं. इमारत म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम. भिंतींना कितीही चुना मारला तरी पावसाळी हवेत तुरीचा वास यायचाच. मी तिथं फिजिक्स शिकवायचो आणि सूर्यवंशी गणित. उंच, काटकुळा, पांढरा फुल शर्ट, बाह्यांच्या कडेला कायम खडूची पूड. खिशात पेनाशेजारी दोन खडू असायचे, एक पांढरा आणि एक लाल. चालताना जमिनीकडं बघत चालायचा, त्यामुळं समोरून येणाऱ्यालाच बाजूला व्हावं लागायचं.

तो दुबलगुंडीचा. वडील लवकर गेले, मायनं दुसऱ्याच्या रानात खुरपून त्याला शिकवलं. तो शाळेत असताना त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता, पण गावात भाड्याची खोली मागायला गेलं की घरमालक जुनी जातच विचारायचे. त्यामुळं तो कडेच्या वस्तीत राहायचा. हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. चहा यायचा तेव्हा खिडकीत एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. तो कुणी ठेवला, कुणाच्या सांगण्यावरून ठेवला, हेही कुणी विचारत नव्हतं.

एक दिवस त्यानंच तो विषय काढला. वर्गात, स्टाफरूममध्ये, बसस्टँडवर त्याची बोली एकच.

"बिरादार," तो मला म्हणाला, पण ऐकू गेलं सगळ्यांना, "आयडेंटिटी म्हंजे काय, ठाव हाय का? असा घटक, की त्याच्यासंगं कुणालाबी जोडा, जोडणाऱ्याचं कायबी बदलत न्हाई. पाचात शून्य मिळवा, पाचच. तसा मी हाय. तुमच्या कपानं चहा पिलो तरी तुम्ही जे हाव तेच ऱ्हाणार. घाबरायचं काम न्हाई."

आणि ट्रेमधला एक कप उचलून तो शांतपणे चहा प्यायला. कुणी हसलं नाही. इतिहासाच्या सरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीतला कप दिसेनासा झाला.

त्याच्या वर्गाची एक रीत होती, आणि पुढं जे घडलं ते सगळं त्या रीतीमुळं घडलं, म्हणून ती आधी सांगतो. रोजच्या तासाला तो फळ्यावर एक चूक मुद्दाम घालायचा. कुठल्या ओळीत, ते सांगायचा नाही. ती चूक पोरांनी शोधायची. ती सापडेपर्यंत, घंटा झाली तरी, कुणी उठायचं नाही. ज्याला सापडली त्यानं उभं राहून सांगायचं. मग सर स्वतः चालत त्याच्या बाकापाशी जाणार, लाल खडू त्याच्या हातात देणार, आणि त्यानं फळ्यापाशी येऊन चुकीच्या ओळीवर काट मारून खाली बरोबर ओळ लिहायची. डस्टरनं चूक पुसायला सक्त मनाई होती.

ऐकायला गंमत वाटते, पण त्या वर्गात बसलेल्यांना विचारा. शेजारच्या वर्गातून पोरं आरडाओरडा करत बाहेर पडतायत, कुणाची गावाकडची बस सुटायची वेळ झालीय, आणि इथं सगळे फळ्याकडं डोळे लावून बसलेले. सूर्यवंशी खिडकीशी पाठमोरा उभा. एक शब्द बोलणार नाही. बाहेर इतिहासाचे सर हजेरीपट घेऊन ताटकळतायत आणि दारातून डोकावून मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडं बघतायत, जणू मीच त्याला हे शिकवलंय.

सुवर्णा नावाची एक मुलगी होती. गावातल्या कापडवाल्यांची. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि वर्गात दोन्हीतलं काहीच नाही. पहिलं अर्धं वर्ष ती एक अक्षर बोलली नाही. एका दिवशी घंटा होऊन बराच वेळ झाला. चूक कुणालाच सापडेना. तिचा भाऊ सायकल घेऊन फाटकात उभा होता आणि घंटी वाजवत होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस सोडेल. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी ती उभी राहिली.

"सर, तिसऱ्या ओळीत तुम्ही दोघांच्या जागा बदललाव. आधीचा मागं, मागचा पुढं. तसं चालतंय म्हणून कुठं सांगितलंय?"

सूर्यवंशी खिडकीपासून तिच्या बाकापर्यंत जवळजवळ पळत गेला. "कुठं सांगितलं न्हाई," तो पोरांकडं वळून म्हणाला. "बेरजेत चालतंय, गुणाकारात चालतंय, म्हणून सगळीकडं चालंल असं आपण धरून चाललो. कुणी सांगितल्याबिगर धरायचं न्हाई. घे बाय खडू." त्यानंतर सुवर्णाला वर्गात कुणी थांबवू शकलं नाही.

तो जे शिकवायचा ते तेव्हा नवीन होतं. आमच्या वेळी ते नव्हतं, त्यामुळं मीही कधी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. दोन गोष्टी घ्यायच्या, एका नियमानं जोडायच्या, तिसरी गोष्ट तयार होते. असा नियम काही अटी पाळत असेल तर त्या सगळ्या पसाऱ्याला ग्रूप म्हणायचं. तिसरी गोष्ट घरातलीच निघाली पाहिजे, बाहेरची नको. तिघं असले तर आधी कुठले दोघं जोडले यानं फरक पडायला नको. एक आयडेंटिटी पाहिजे. आणि प्रत्येकाचा एक इन्व्हर्स पाहिजे, म्हणजे केलेलं उलटवून आयडेंटिटीपर्यंत परत आणणारा.

हे उलटवणं शिकवायला त्यानं एकदा सगळा वर्ग बसस्टँडवर नेला. उमरग्याची बस लागली होती. टपावर आधी कांद्याचं पोतं चढलेलं, त्यावर ट्रंक, त्यावर कोंबड्यांची पाटी. पोतंवाला खालून ओरडत होता की मी आधी आलो, माझं आधी काढा.

"बगा," सूर्यवंशी म्हणाला, "आधी चढलं ते शेवटी उतरंल. दोन कामं उलटवायची तर शेवटचं काम आधी उलटवायला पायजे."

"मास्तर, तुमचं गणित ऱ्हाऊ द्या," पोतंवाला म्हणाला, "माझी सोलापूरची गाडी चुकायलीय." मग पोरांनीच वर चढून पाटी, ट्रंक आणि पोतं त्या क्रमानं उतरवलं. सूर्यवंशीनं पोतंवाल्याला चहा पाजला.

त्याचं एक आवडतं वाक्य होतं: मागायचं कमी, सिद्ध करायचं जास्त. पुस्तकात लिहिलेलं असायचं की आयडेंटिटी आणि इन्व्हर्स दोन्ही बाजूंनी लागू पडले पाहिजेत, म्हणजे डावीकडं आधी ठेवले तरी आणि उजवीकडं नंतर ठेवले तरी. याचं म्हणणं, एवढं मागायची गरजच नाही. आयडेंटिटी फक्त डावीकडून मागा, इन्व्हर्सही फक्त डावीकडून मागा, उजवीकडचं आपोआप सिद्ध होतं. ते सिद्ध करून दाखवताना त्याचा चेहरा असा व्हायचा की बघत राहावं. घरात काही नसताना चार पाहुण्यांचं जेवण उठवलेल्या बाईचा होतो तसा.

पण एक धोका तो आवर्जून दाखवायचा. आयडेंटिटी डावीकडून मागितली आणि इन्व्हर्स चुकून उजवीकडून मागितला, तर सगळं ढासळतं. त्यासाठी त्यानं एक नियम बनवला होता: दोघं बोलले की जो नंतर बोलला त्याचंच खरं. पोरं याला 'अप्पांचा नियम' म्हणायची. अप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, मोठे अडत व्यापारी. कुठलाही निर्णय घेताना शेवटी जो कानाशी लागेल त्याच्या बाजूनं ते जायचे, हे उभ्या गावाला माहीत होतं.

"हा नियम तपासा," सूर्यवंशी म्हणायचा. "डावीकडची आयडेंटिटी हाय, उजवीकडचा इन्व्हर्स हाय, तिघांचं जोडणंबी बरोबर बसतंय. वरून बगितलं तर सगळं ठीक. पर ग्रूप न्हाई. कामून? जो आधी बोलला त्याचं गेलं ते गेलं. ते परत आणायला कायबी उरत न्हाई. डावं-उजवं बदललं तर एवढं बदलतंय."

हे अप्पांच्या कानावर गेलं असणारच. बसवकल्याण केवढंसं.

आता खरी गोष्ट. सूर्यवंशी तात्पुरत्या नेमणुकीवर होता. दर वर्षी उन्हाळ्यात त्याला काढायचं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचं. अप्पांचा एक भाचा गणितात एम.एस्सी. होऊन बसला होता आणि त्याची जागा कुठली हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण त्या वर्षी विद्यापीठाची कमिटी येणार होती. कमिटीतले गणिताचे तज्ज्ञ सूर्यवंशीचा तास बघणार होते. प्राचार्य भला माणूस. त्यांनी अप्पांकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं की तज्ज्ञांचा शेरा उत्तम आला तर सूर्यवंशीला कायम करायचं.

त्याच्या मायनं सांगून ठेवलं होतं, तू कायम झालास त्या दिवशी मी खुरपं ठेवते आणि बसवकल्याणला येते. तिचे गुडघे गेले होते. तरी तोपर्यंत रानात जाणं तिनं सोडलं नसतं, कारण पोराची नोकरी दर उन्हाळ्यात सुटते हे तिला चांगलं कळत होतं.

प्राचार्यांनी आदल्या दिवशी त्याला बोलावलं. मी तिथंच होतो. "सूर्यवंशी, उद्या ते तुमचं चूक घालायचं नको. बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पोरांना सापडली नाही तर ती तुमची चूक ठरेल." सूर्यवंशीला ते पटलं नाही, पण त्यानं मान हलवली. वर्गात जाऊन सांगितलं, "उद्या मी चूक घालणार न्हाई. उद्या फळ्यावर सगळं बरोबर असंल. तुम्ही गप लिहून घ्या आणि घंटा झाली की जावा."

कमिटी आली. पाण्याचे ग्लास आणि पंखा सांभाळायला म्हणून मला मागं बसवलं होतं. तज्ज्ञ प्राध्यापक वयस्कर, सोनेरी काडीचा चष्मा, कानडी बोलणारे पण मराठी कळणारे. त्यांच्या शेजारी अप्पा आणि प्राचार्य. सूर्यवंशीनं इस्त्री केलेला शर्ट घातला होता. त्यानं खडू उचलला तेव्हा तो हातात मोडला. त्यानं दुसरा घेतला.

सुरुवात डळमळीत होती. ग्रूपच्या अटी त्यानं भराभर फळ्यावर लिहिल्या, फक्त डावीकडून मागण्याची त्याची लाडकी पद्धत. मग सिद्धतेला लागला आणि हळूहळू रंगात आला. बोली तीच. आधी प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण तज्ज्ञ मान हलवत होते. मलाही धीर आला.

मध्येच माझं लक्ष सुवर्णाकडं गेलं. तिचं पेन थांबलं होतं. ती फळ्याच्या वरच्या भागाकडं बघत होती. मग शेजारणीला कोपर लागलं. तिनं वर पाहिलं आणि मान खाली घातली. ते कोपर असंच बाकाबाकावरून मागं आलं. एक एक डोकं वर होत होतं आणि खाली जात होतं. मला वाटलं, पाहुण्यांना बघून पोरं भेदरलीत. मला दुसरं काही दिसलं नाही. फळ्यावरचं सगळं मला सारखंच दिसत होतं.

तास संपला. तज्ज्ञांनी उठून सूर्यवंशीचा हात हातात घेतला आणि "छान, फार छान" म्हणाले. शेरा तिथंच लिहिला. प्राचार्यांनी तो खांद्यावरून वाचून माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून उघडले. मंडळी अप्पांच्या घरी जेवायला निघाली. घर कॉलेजच्या समोरच. मी सूर्यवंशीला मिठी मारली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं हातपाय धुतले, ग्लासभर पाणी प्यायला, आणि म्हणाला, "डस्टर वर्गातच ऱ्हायलं."

आम्ही वर्गात गेलो, आणि सगळा वर्ग बसलेला होता.

घंटा होऊन कितीतरी वेळ झाला होता. बाकीचं कॉलेज रिकामं झालं होतं. आणि ही पोरं वह्या मिटून, हात बाकावर ठेवून बसली होती. सूर्यवंशी दारातच थांबला. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग फळ्याकडं पाहिलं. वरून एक एक ओळ वाचत तो खाली आला, पुन्हा वर गेला, आणि एका ओळीवर थांबला.

अटी लिहिताना इन्व्हर्स त्यानं उजवीकडून लिहिला होता. तीच अदलाबदल, तोच अप्पांचा नियम. खालची सिद्धता बरोबर होती, कारण ती त्याच्या हाताला पाठ होती. पण वरची ओळ चुकीची होती. कबूल केलं होतं की चूक घालणार नाही, आणि घातली नव्हतीच, झाली होती.

"कुणाकुणाला दिसली?" त्यानं विचारलं.

पोरांनी सुवर्णाकडं पाहिलं.

"सुवर्णा?"

ती उभी राहिली. "सगळ्यांनाच दिसली, सर."

"मग कामून बोलला न्हाई?"

"ते बसले होते की. तुमची नोकरी..." ती थांबली, आणि मग म्हणाली, "बोललो न्हाई सर. पर उठलोबी न्हाई."

मला त्या पोरांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी सरांना वाचवलं होतं आणि सरांची रीतही मोडली नव्हती. उपाशी बसून राहिली होती. मी म्हणालो, "झालं, सापडली. आता काट मार, पोरांना घरी सोड, आणि चल जेवायला."

"शेरा काय लिहिलाय त्यांनी?"

"उत्तम."

"कशाला उत्तम? ह्या ओळीला?"

त्यानं लाल खडू खिशातून काढला, मुठीत धरला आणि तो बाहेर पडला. रस्ता ओलांडेपर्यंत मी त्याच्या मागं बोलत होतो. मायचं नाव घेतलं, गुडघ्यांचं नाव घेतलं, मूर्ख म्हणालो. शेवटी बाहीला धरलं. त्यानं हात सोडवून घेतला आणि अप्पांच्या वाड्यात शिरला. मंडळी पंगतीत गव्हाच्या गोड हुग्गीवर तूप घेत होती.

तो पंगतीसमोर उभा राहिला आणि कानडीत सगळं सांगितलं. कुठली ओळ, काय लिहायला हवं होतं, काय लिहिलं. अप्पांचा हात पानावरच थांबला.

तज्ज्ञांनी चष्मा नीट केला. "मी पाहिलं होतं," ते म्हणाले. खरंच पाहिलं होतं की नाही, देव जाणे. "मी मुद्दाम विषय काढला नाही. तुम्ही कुठून कुठवर आलात ते प्राचार्यांनी मला सांगितलं होतं. तुमच्यासारख्या माणसाला थोडं सांभाळून घ्यावं, असं मला वाटलं."

ते चांगल्या मनानं म्हणाले, हे मी आजही मानतो. पण सूर्यवंशीचे कान लाल झाले. एवढा रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि आवाज मात्र अगदी खाली होता.

"मला सांभाळून घेऊ नका, सर. माझी चूक तुम्ही पदरात घातली, तर माझं बरोबर आलेलंही तुम्ही पदरात घातलंय असंच सगळे म्हणतील. मग माझं खरं काय उरलं? शेरा बदला."

पंगतीत कुणी घास उचलेना. मग तज्ज्ञांनी हात धुतला, कागद मागवला आणि शेरा बदलला: समाधानकारक, अटी लिहिताना चूक केली, ती स्वतः निदर्शनास आणली. सूर्यवंशीनं तो वाचला, आभार मानले आणि परत वर्गात गेला. पोरं अजून बसली होती. त्यानं सुवर्णासमोर लाल खडू धरला.

"मला कामून द्यायलाव? मी तर बोललेच न्हाई."

"घे," तो म्हणाला. "आधी तू बगितलीस."

तिनं रडत रडत ओळीवर काट मारली आणि खाली बरोबर ओळ लिहिली. मग सगळे घरी गेले.

पुढचं काय सांगायचं? शेरा उत्तम नव्हता, अप्पा शब्दातून मोकळे झाले. तरीही प्राचार्य त्यांच्याकडं जाऊन बसले, अप्पा विरघळल्यासारखे वाटले. पण प्राचार्यांच्या नंतर अप्पांचे मेहुणे जाऊन बसले. जूनमध्ये भाचा रुजू झाला.

मायला सांगायला तो एकटा जाईना, म्हणून मी बरोबर गेलो. दुबलगुंडीच्या शिवारात ती बायकांच्या रांगेत बसून तूर खुरपत होती. मला वाटलं होतं, ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवेल, दोन समजुतीच्या गोष्टी सांगेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खुरपं जमिनीत रोवलं.

"एक रेघ पुसली असतीस तर हात झडला असता का रं तुझा?"

"माय, ती रेघ चूक व्हती."

"आन् माझे गुडघे? ते बरोबर हाईत का?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही तरी त्याच्या हातातलं ते खडू काढून घ्यायचं व्हतं, बाबा."

ती पुन्हा खाली बसली आणि खुरपायला लागली. बसताना तिच्या तोंडून आवाज निघाला. सूर्यवंशी शेजारी बसून हातानं तण उपटायला लागला, तर तिनं त्याचा हात झटकला. मी पूर्णपणे तिच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. ज्या माणसाला आपल्या खरेपणाची किंमत आईच्या गुडघ्यांनी मोजावी लागते, त्याच्यावर रागवायचं नाही तर कुणावर?

पुढं त्याला आळंद तालुक्यात निंबर्ग्याच्या हायस्कूलमध्ये नोकरी मिळाली. काही वर्षांनी तिथं तो कायमही झाला, आणि माय त्याच्याकडं राहायला गेली. पण ग्रूप सुटला तो सुटलाच. आठवी-नववीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायचा. तिथंही रोज एक चूक घालतो, असं कळत होतं. सुवर्णा आणि आणखी दोघं-तिघं सुट्टीच्या दिवशी बस बदलत बदलत त्याच्याकडं जायची, वह्या घेऊन. माय त्यांना भाकरी वाढायची आणि प्रत्येक वेळी त्या पुसायच्या राहिलेल्या रेघेचा विषय काढायची. सुवर्णा हे सांगून हसायची.

शेवटचा मी त्याला पाहिला तो आमच्याच कॉलेजात. अप्पा गेले होते. भाच्याचा जीव अडतीत जास्त रमला आणि त्यानं नोकरी सोडली. त्या जागेवर सुवर्णा आली, एम.एस्सी. करून, रीतसर निवड होऊन. ग्रूपचा पहिला तास असेल त्या दिवशी या, असा तिनं निंबर्ग्याला निरोप धाडला. सूर्यवंशी आला. केस पांढरे, बाह्यांना खडू तोच. मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसला. बाहेर ढग आले होते आणि गोदामाच्या भिंतींना तुरीचा वास सुटला होता.

सुवर्णा सुरेख शिकवत होती. आवाज थोडा कापत होता, एवढंच. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फळ्याकडं बघत होता, आणि मी त्याच्याकडं. तास संपला, घंटा झाली. पोरं उठली, बाकं करकरली. मीही उठलो.

"चल," मी म्हणालो, "चहा घेऊ."

"बिरादार, बस," तो म्हणाला.

सुवर्णानं डस्टर उचललं होतं. तिनं हसत मागच्या बाकाकडं पाहिलं, आणि तो बसलेला बघून तिचं हसू गेलं. डस्टर तिनं टेबलावर ठेवलं. वळून ती फळा वाचायला लागली, वरून एक एक ओळ. मध्ये कुठंतरी तिची मान थांबली.

"सगळे खाली बसा," ती पोरांना म्हणाली. पोरं गोंधळून बसली. मग ती बाकांमधून चालत मागं आली आणि तिनं त्याच्यासमोर लाल खडू धरला. तिचे डोळे भरले होते.

"तुम्हाला कधीच दिसली असंल की, सर. तेव्हाच कामून बोलला न्हाई?"

त्यानं खडू घेतला नाही. समोरच्या पोरांकडं बोट केलं, की त्यांच्यापैकी ज्याला सापडेल त्याला दे.

"बोललो न्हाई, बाय," तो म्हणाला. "पर उठलोबी न्हाई."